काळ्या हातमोज्यांचा फोटो

आमचे हे कुलपं उघडतात. चावी आत राहिली, हरवली, कुलपातच मोडली की लोक यांना बोलावतात. बोलवायचे, असं म्हणायला हवं. माणूस मुलखाचा मुखदुर्बळ, पण दारात ताटकळलेल्या बाईला आधी विचारणार, घर तुमचंच कशावरून? एखादी जाम चिडायची. शेजाऱ्याने ओळख पटवली तरच हे हत्यार काढणार, आणि दार उघडलं की लगेच पाठ फिरवून उभे राहणार. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. पाणी दिलं तर तेसुद्धा बाहेरच प्यायचं. मी म्हणायची, लोक काय खातात का तुम्हाला? तर म्हणायचे, "परका माणूस आपलं दार उघडू शकतो, हे बघूनच ती घाबरलेली असते. त्यात आपण आत कशाला डोकवायचं?"

मग नाक्यावरच्या आमच्या दुकानात विचारत येणारं गिऱ्हाईक आटलं. आता लोक बंद दारासमोर उभे राहून मोबाइलमध्ये माणूस शोधतात. जावईबापू म्हणाले, मी वेबसाइट करून देतो. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पण पोराने प्रेमाने केलं हो, सुट्टी मोडून. उघडून बघते तर सगळं काळंकुट्ट. मधोमध काळे हातमोजे घातलेला हात, त्यात बारीक हत्यार, तोंड कुणाचंच नाही. खाली लाल अक्षरांत 'कोणतंही कुलूप, दोन मिनिटांत!' नाव नाही, पत्ता नाही, नुसता फोन नंबर. मला तर दरोडेखोराची जाहिरात वाटली. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, छान आहे. जावयाला काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

फोन यायचे, नाही असं नाही. तुम्ही कोण, राहता कुठे, असं विचारून लोक ठेवून द्यायचे. एकाने तर विचारलं, पोलिसांना माहीत आहे का तुमचं? त्या दिवशी हे जेवले नाहीत. हयात गेली या माणसाची लोकांच्या दारात पाठ करून उभं राहण्यात. मला असा संताप आला, पण काढणार कुणावर? शेवटी दुकानाचं भाडंही सुटेना. गाळा सोडला, चाव्या कापायचं मशीन विकलं, आणि हे एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून लागले. हत्यारांची पिशवी तेवढी खुंटीवर राहिली. ती यांनीही काढली नाही, मीही नाही.

खरी मेख कळली ती लेकीमुळे. ती कचरा टाकायला म्हणून बाहेर आली आणि वाऱ्याने दार लागलं. लेकरू आत पाळण्यात. तिचं गाव लांब, बाप पोचणार कधी? नवरा फोन उचलेना. मोबाइलमध्ये शोधलं तर पहिली आली ती अशीच कुणाची तरी काळी, हातमोजेवाली वेबसाइट. तिचं बोट पुढे जाईना. त्याखाली एका म्हाताऱ्याचा साधा फोटो होता, आपल्या दुकानाच्या पाटीखाली उभा. त्याला बोलावलं. दार उघडलं, लेकरू झोपलेलंच. संध्याकाळी जावईबापू घरी आले तेव्हा तिने त्यांनी केलेली वेबसाइट त्यांच्यापुढे धरली.

"बाळ आत असताना मी या माणसाला बोलावलं नसतं," ती म्हणाली, "आणि हा माझा बाप आहे."

रविवारी जावईबापू आले. यांना चौकड्यांचा सदरा घालायला लावला, खिडकीपाशी बसवलं, चष्म्यासकट फोटो काढला. तुम्ही काम कसं करता ते सांगा म्हणाले. त्यात काय सांगायचं, हे म्हणाले. मग मीच सगळं सांगितलं. आता पांढऱ्या पानावर यांचा चेहरा आहे, नाव आहे, घरचा पत्ता आहे. खाली लिहिलंय, 'घर तुमचं असल्याची खात्री करूनच कुलूप उघडतो. आत येत नाही.'

परवा दुपारी फोन वाजला. हे पाळीवरून येऊन गणवेशातच आडवे झाले होते, बूटसुद्धा पायात. फोनवर रडवेली बाई होती. "फोटोतले काकाच येतील ना? दुसऱ्या कुणाला पाठवू नका."

मी यांच्याकडे बघितलं. नाही म्हणावं असं वाटलं, खरंच. झोपू दे ना माणसाला. इतके दिवस कुठे होता गं तुम्ही सगळ्या, हेही ओठावर आलं होतं. पण म्हटलं, तेच येतील.

पिशवी काढली, फडक्याने धूळ झटकली आणि यांना हलवलं. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर हे उठून बसले. डोळे अजून मिटलेलेच, पण हात गणवेशाची बटणं सोडायला लागले होते.

"हा नको," म्हणाले. "ती घाबरेल. फोटोतला सदरा कुठे ठेवलायस?"