लेहमधून रजा रद्द

आमच्या ह्यांना थंडीतलं सगळं कळतं, असा मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी वसाहतीत लौकिक होता. हे ज्या कारखान्यात होते तिथे बर्फातल्या जवानांसाठी कोट शिवले जात आणि ह्यांच्याकडे त्या कोटांची तपासणी होती. बाहेर मे महिन्याच्या उन्हात रस्त्याचं डांबर पातळ होत असताना हे थंड खोलीत कोट घालून उभे राहायचे आणि संध्याकाळी आम्हाला थंडीवर व्याख्यान द्यायचे. ऐकणारे सगळे मद्रासच्या हवेत मुरलेले, डिसेंबरातल्या मार्गळी महिन्यात जरा वारं सुटलं की माकडटोपी शोधणारे. अशा लोकांत थंडीचे तज्ज्ञ व्हायला फारसं काही लागत नाही.

सरकारी नोकरांना चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जायची प्रवास सवलत मिळते. आमच्या वसाहतीत तिचा एक रिवाज होता. कुठे जावंसं वाटतं हे कोणी कोणाला विचारत नसे. भारताचा नकाशा काढायचा, आवडीवर बोट ठेवायचं आणि सगळ्यात लांबचं ठिकाण शोधायचं. जवळ जाऊन आलेल्या माणसाकडे लोक कीव आल्यासारखं बघायचे. एका बिचाऱ्याने बायकोच्या हट्टाखातर उटी केली होती, तर त्याची बदली होईपर्यंत त्याला ते ऐकावं लागलं.

त्या वर्षी ह्यांचं बोट लेहवर पडलं. सोबतीला शेजारचे नागपूरकर. तेही त्याच कारखान्यातले, म्हणजे थंडीचे उपतज्ज्ञ. मी शिकवत होते ती शाळा जूनच्या सुरुवातीलाच उघडली, म्हणून मी राहिले. दिल्लीहून थेट विमानाने लेहला उतरायचं, त्याच दिवशी गावातला राजवाडा चढायचा आणि चौथ्या दिवशी उंचावरच्या खिंडीत कोट घालून फोटो काढायचा, असा बेत होता. तो फोटो कारखान्यात लावायची जागासुद्धा ठरली होती. तयारी म्हणून दोघांनी सुंठ, ओवा, निलगिरीचं तेल आणि ब्रँडीची एक बाटली बांधून घेतली. उंचीसाठी वेगळं काही न्यायला हवं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यांच्या लेखी उंची म्हणजे जास्तीची थंडी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आमचे मोबाइल तिकडे चालत नव्हते, तेव्हा दोघे ज्या घरी उतरले होते तिथल्या फोनवरून तो आला. बोलत होते नागपूरकर. म्हणाले, वहिनी, काळजी नको, थोडी सर्दी आहे. मी म्हटलं, त्यांना द्या. हे फोनवर आले आणि 'मी बरा आहे' एवढं सांगायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. खोकला असा येत होता की पाण्यात नळीने फुंकावं तसं काहीतरी मागे वाजत होतं. मी घाबरले. फोन परत नागपूरकरांकडे गेला आणि त्यांनी उपचार सांगितले. अंगावर दोन कोट, वर रजई, खिडक्या बंद, पोटात ब्रँडी. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागतेय, आडवं झोपवत नाही, पण उद्या खिंडीत गेल्यावर मोकळी हवा लागेल, मग बरं वाटेल.

मी तशीच वसाहतीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या जुन्या तंजावरी मराठी घरातल्या. त्यांचं मराठी ऐकताना निम्मं तमिळ आणि निम्मं पणजीचं बोलणं ऐकल्यासारखं वाटायचं, पण त्या दिवशी मला त्यातला शब्द न् शब्द कळला. मी खोकल्याचं वर्णन करत होते तोच त्या उठून उभ्या राहिल्या.

"थंडी नव्हे, अम्मा, उंची. आताच्या आता खाली आणा त्यांना."

मग त्यांनी भराभर समजावलं. आपल्या गल्लीत पाणी सोडणारा माणूस कसं करतो, एखाद्या गल्लीचा पाइप खराब असला की तिथली चावी पिळून बंद करतो आणि पाणी चांगल्या गल्ल्यांकडे वळवतो. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या तसंच करतात. ज्या भागात प्राणवायू कमी, तिथल्या वाहिन्या आकसतात आणि रक्त दुसरीकडे जातं. इथे समुद्राच्या काठावर ही व्यवस्था उत्तम. पण उंचावर सगळ्याच फुप्फुसात प्राणवायू कमी पडतो, मग सगळीकडच्या चाव्या पिळल्या जातात. रक्ताचा दाब वाढतो, ज्या चाव्या सैल राहिल्या तिथे सगळा लोंढा लोटतो आणि सांधे गळायला लागतात. ते पाणी श्वासाच्या जागेत साचतं. कोट घालून ते आटत नाही. अजून वर गेलात तर माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. प्राणवायू द्यायचा आणि खाली उतरवायचं, उशीर करायचा नाही.

मी परत फोन लावला. डॉक्टरांचं सगळं सांगितलं, गल्ली, चावी, पाइप. नागपूरकर समजूतदारपणे हसले. म्हणाले, त्या बाई मद्रासच्या, त्यांनी बर्फ पाहिलाय का? ह्यांनीही फोन घेऊन, मधे मधे दम खात, मला सांगितलं की खिंडीची गाडी ठरली आहे आणि एवढ्या लांब येऊन सर्दीपायी परत फिरलो तर कारखान्यात तोंड दाखवता येणार नाही. मी रडून पाहिलं. ते म्हणाले, तू उगाच घाबरतेस. मला इतका राग आला की मी फोन आपटला, आणि आपटल्यावर वाटलं, हा शेवटचा असला तर?

बायकोचं ऐकायचं नाही, डॉक्टरचं ऐकायचं नाही. मग हा माणूस ऐकतो कोणाचं? उत्तर मला पायात चप्पल घालतानाच सुचलं.

ह्यांचे साहेब दोन रस्ते सोडून बंगल्यात राहायचे. तमिळ गृहस्थ, कपाळावर भस्माची रेघ आणि जिभेवर नियम. सगळं ऐकून ते म्हणाले, कामाची निकड असल्याशिवाय मंजूर रजा रद्द करता येत नाही. मी म्हटलं, माणूस जातोय. ते म्हणाले, त्यासाठी वेगळा नियम आहे, पण तो माणूस गेल्यानंतरचा. असं बोलून त्यांनी स्वतःच जीभ चावली. मग म्हणाले की तोंडी हुकमाला फाइल लागत नाही, आणि माझ्याकडून नंबर घेतला.

मी समोर उभी होते. साहेबांनी फोनवर फक्त हुकूम सोडला. तपासणीत तातडीचं काम निघालंय, रजा रद्द, सकाळच्या पहिल्या विमानाने निघा. मी खुणेने विनवलं तेव्हा त्यात भर घातली, की प्रवासाआधी तिथल्या सरकारी इस्पितळाचा तब्येतीचा दाखला हवा, तोही आत्ताच. पलीकडून ह्यांचा 'येस सर' मला इथवर ऐकू आला. त्यात एकदाही दम लागला नव्हता.

दाखल्यासाठी दोघे इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि दाखल्याऐवजी ह्यांच्या नाकावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. सकाळी तोच मुखवटा लावून विमानापर्यंत पोचवलं. दिल्लीत उतरल्यावर श्वास मोकळा होत गेला. तिथल्या इस्पितळात दोन-तीन दिवस काढून हे घरी आले, आणि आल्यापासून साहेबांच्या नावाने बोटं मोडत होते. खिंड हातातोंडाशी आली होती, म्हणे. असल्या साहेबाच्या हाताखाली माणसाने मरेपर्यंत राबावं, म्हणे. मी वरण वाढत होते आणि ऐकत होते.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर हे कारखान्यात हजर झाले. संध्याकाळी लवकर आले. बूट न काढताच खुर्चीवर बसले.

"काम काहीच नव्हतं," ते म्हणाले. "साहेब म्हणाले, घरी जाऊन बायकोला विचारा."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"सरळ सांगायचं होतंस की, परत या म्हणून."

"सांगितलं होतं. रडूनही. साहेबांचा हुकूम नसता तर तुम्ही आला असतात का?"

ते वाकून बुटाची नाडी सोडू लागले. खोटं बोलता आलं असतं, आणि मला तेव्हा ते चाललंही असतं.

"नसतो आलो," ते म्हणाले.

इतके दिवस मी धीराने घेतलं होतं. त्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.