घर बघायला बाई आल्या, आणि माझी भावकी

मूल दत्तक घ्यायला भावकी लागत नाही, हे मला भावकी गोळा केल्यावर कळलं.

माझा सुनील आणि सूनबाई वैशाली यांनी लई वर्षं वाट बघून दत्तकासाठी मोबाईलवर नाव नोंदवलं. मला ते पटलंच नव्हतं. आमच्या वेळी चार माणसं बोलवायची, पोर मांडीवर घ्यायचं, गूळ वाटायचा, झालं दत्तक! वैशाली म्हणाली, आता सगळं कायद्यानं होतं. नगरहून दत्तक संस्थेच्या बाई घर बघायला येणार, त्यांचं मत चांगलं पडलं तरच पुढचं.

घर बघायला येणार म्हटल्यावर माझा पाय एका जागी ठरेना. (शाळा चौथीतच सुटली, पण गावातल्या निम्म्या सोयरिकी मी जमवल्यात!) स्थळ बघायला आलेले लोक काय बघतात? माणसं! म्हणून कुणाला न विचारता सगळी भावकी फेटे बांधून ओट्यावर बसवली. ओटा भरेना, म्हणून चुलतभाऊ रंगनाथलाही निरोप धाडला. बांधावरून त्याचं-माझं बोलणं बंद. पण फेटा त्याला शोभतो!

बाई आल्या. "घरात कोण कोण राहतं?"

मी छाती काढून म्हणालो, "ह्ये समदे एका घरातलेच समजा."

वैशालीनं चहाचे कप तिथंच खाली ठेवले. बाई म्हणाल्या, मग प्रत्येकाशी बोलावं लागेल. बाळ यायला घरातल्या सगळ्यांची तयारी हवी.

झालं! एकेक फेटा आत जाऊ लागला. एकानं विहिरीच्या पाळीचं गाऱ्हाणं मांडलं, दुसऱ्यानं पीकविम्याचं विचारलं. शेवटी रंगनाथ दारातच उभा राहिला.

"बाई, माझा इरोध हाय. आधी ह्यानं सरकवलेला बांध मागं घ्यावा, मंग पोर आनावं."

सुनीलनं मान खाली घातली. वैशाली मात्र पुढं झाली.

"मॅडम, राहतो आम्ही चौघंच. मी, हे, आई आणि आबा. आबांना वाटलं, माणसं दाखवल्याशिवाय तुम्ही बाळ देणार नाही."

बाई माझ्याकडं वळल्या. "एवढी घाई झालीय का, आजोबा?"

मला सारा गाव आबा म्हणतो. आजोबा कुणी म्हटलं नव्हतं. सगळ्यांशी भांडणारं माझं तोंड, पण तेव्हा नुसती मान हलली.

नंबर यायला लई दिवस गेले. पण नात आली, कलेक्टरसाहेबांचा दत्तकाचा हुकूमही झाला. आता ती त्याच बांधावरून पळत रंगनाथकडं जाते आणि त्याच्या फेट्याशी खेळत बसते. मी अलीकडंच उभा राहून हाका मारतो. बांध ओलांडायचा नाही, ही शपथ माझीच ना!