लुगड्याचे दोन तुकडे

“माझ्या जमिनीला मी कधी उपाशी ठेवलं नाय,” असं विश्राम केणे एकदा बोलला होता. समोर मृणाल होती, मातीचा अभ्यास करणारी, शेतकी कॉलेजातली. मानपाड्याच्या पुढे इमारतींच्या सावलीत जी थोडी भातखाचरं उरली आहेत, त्यांतून ती हिंडत होती.

तो खोटं बोलत नव्हता. पहिल्यांदा युरिया टाकला त्या वर्षी भात असं काळंभोर उठलं, की शेजारचे बांधावर येऊन बघत राहिले. तेव्हापासून दरसाल घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहून तो पांढरे दाणे फेकत आला. पुढे गुरं विकली, शेणखत संपलं, आणि मूठ मोठी होत गेली.

फक्त विहिरीकडच्या कोपऱ्यात त्याचा हात चालला नाही. तिथे त्याची बायको जाईबाई हाताची घडी घालून उभी राहायची, त्याचं घमेलं रिकामं होईपर्यंत. गावदेवीच्या नैवेद्याचं भात ती त्या कोपऱ्यात लावायची. शेजाऱ्याच्या गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, कुजका पेंढा, एवढंच घालायची.

“देवी काय युरियानं आजारी पडंल?”

“तुमचं तुम्ही खा. देवीला माझ्या हातचं चालतं.”

भांडण जन्मभर पुरलं. कुणी जिंकायच्या आधीच जाई गेली. मुलगा मयूर वर्तकनगरला राहतो, फोनवर “जेवलात ना?” विचारतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, मग ठेवतो. कोपऱ्यात विश्राम अजूनही शेणच घालतो. भांडायला कुणी नसताना युरिया टाकणं त्याला जमलं नाही.

मृणालला जुनं सुती कापड हवं होतं. “एक तुकडा खाचरात, एक कोपऱ्यात पुरायचा, काका. मातीतले बारीक जीव सूत खातात. भरपूर असले तर कापड संपतं.”

घरात सुती असं एकच होतं. जाईचे बाकी कपडे वाटले तेव्हा एक लुगडं त्याने उशाखाली सरकवलं होतं. तेच त्याने आणलं. दोन्हीकडे सारखंच सडेल, आणि हे भांडण एकदाचं मिटेल, असं त्याला वाटलं. फाडताना मात्र त्याने मान वळवली.

एक तुकडा मोठ्या खाचरात पुरला, दुसरा कोपऱ्यात. कापणी नुकतीच झाली होती, जमिनीत ओल होती. दोन महिने तो संध्याकाळी बांधावर जाऊन बसायचा. समोरच्या टॉवरमध्ये एकेक खिडकी उजळायची. त्यातलं एकही माणूस त्याला ओळखत नव्हतं.

तुकडे उकरले त्या दिवशी समाजमंदिरात दहा-बारा जण जमले. मृणालने आधी कोपऱ्यातला तुकडा दाखवला. दोन-चार धागे आणि काठाची चिंधी, बस. मग खाचरातला उलगडला. मातकट, पण अख्खा. जाईने मारलेला रफूसुद्धा जागच्या जागी.

“नुसता युरिया पडत राहिला, शेणखत बंद झालं, की माती हळूहळू आंबट होते,” ती म्हणाली. “पिकाला मिळतं, पण मातीतल्या जिवांना खायला उरत नाही. पुष्कळ मरतात. उरतात ते थोडे, तेही मोजक्याच जातींचे.”

“इश्रामदा,” मागून उत्तम गायकर बोलला, “जन्मभर वाढलंस नि पंगत उपाशीच उठली की रे. वयनी जिंकली बघ.”

लोक हसले. विश्रामही हसला असता. पण त्याची नजर रफूवर होती. जिवंत मातीने जाईला खाऊन टाकलं होतं; त्याने मारलेल्या मातीने तिला तसंच ठेवलं होतं. हरल्याची लाज वाटायला हवी होती. लाजेआधी त्याला बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं सांगायला जाई नव्हती.

“काका, हा तुकडा मी नेऊ? कल्याणच्या मेळाव्यात फळ्यावर लावते. लोकांना लगेच पटेल.”

विश्राम उठला. टेबलावरचा तुकडा त्याने झटकला नाही. जुन्या घड्या शोधून तसाच दुमडला, खांद्यावर टाकला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडला.