ओल्या अंगावरची झूल

आक्काचा आवाज मुळातच मोठा. त्यात त्या दिवशी ती अशी कडाडली की बाहेरच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्यानं घाबरून ब्रेक लावला, असं लोक अजून सांगतात. पण कडाडावं असंच घडलं होतं.

गावाबाहेरच्या घोडेस्वारीच्या शाळेत आक्का एकवीस वर्षं मोतद्दार होती. घोड्यांना खरारा करायचा, खुरं साफ करायची, दाण्याची चंदी खायला घालायची, खोगीर चढवायचं-उतरवायचं. काम खरं तिच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा मालक म्हणाले, "दुसरा माणूस मिळेपर्यंत बघशील का?" दुसरा माणूस काही मिळाला नाही आणि पुढं कुणी शोधलाही नाही. घरी सून म्हणायची, "सासूबाई, घोड्याची पाठ चोळता तशी ह्यांची चोळली असतीत, तर हे एवढे चिडके झाले नसते." आक्का म्हणायची, "घोडा आधी कान पाडून सांगतो गं, तुझा नवरा थेट लाथ झाडतो."

शाळेतले पाच घोडे बारा महिने उघड्या माळावर राहायचे. आडोसा म्हणून तीन भिंतींची एक शेड, बस्स. त्यांतला सगळ्यांत म्हातारा तात्या. थंडीत त्याच्या अंगावर अस्वलासारखे केस वाढायचे. हे केस कोरडे असले की फुलून राहतात, आत ऊब धरतात. घामानं भिजून अंगाला चिकटले की संपलं, मग ते असून नसल्यासारखे. म्हणून थंडीत आक्काचा नेम ठरलेला. रपेट झाली की शेवटची दहा मिनिटं घोडा नुसता चालवायचा. मग खोगीर उतरवून पेंढ्याच्या बोळ्यानं पाठ, छाती, काखा, कानांची मुळं घासायची. पाणी कोमट. आणि अंग पुरतं सुकल्याशिवाय माळावर सोडायचं नाही.

त्या दिवशी दुपारी ती एका घोड्याला घेऊन नालबंदाकडे गेली होती. परत आली तर तात्या शेडच्या बाहेर, वाऱ्याकडे शेपूट करून, मान खाली घालून उभा. अंगावर निळी, चकचकीत, नवीकोरी झूल. आक्कानं झुलीखाली हात घातला. बाहेर काढला तो मनगटापर्यंत ओला. कान धरून पाहिले, तर बर्फ. तात्याच्या बरगड्या थडथडत होत्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडण थांबू शकतं, घोडा थांबू शकत नाही. तिनं झूल ओढून फेकली, तात्याला शेडमध्ये घेतलं आणि दोन्ही हातांनी पेंढा चोळत सुटली. मग पाठीवर पेंढ्याचा जाड थर पसरला आणि वरून गोणपाट बांधलं, म्हणजे वाफ वर निघून जाईल आणि ऊब राहील. पुढ्यात कडबा टाकला. घोडा चघळत राहिला की आतून गरम होतो. तास-दीड तासानं कान कोमट लागले. तेव्हा कुठं ती ऑफिसकडे वळली.

आत मालक आणि त्यांचे जावई चहा पीत होते. जावईबापूंच्या बुटांना अजून माळाचा चिखल होता.

"तात्याला कुणी पळवलं?"

"मीच," जावई म्हणाले. "तासभर भरधाव नेला. म्हातारा आहे, पण दम आहे हं! आणि आल्या आल्या झूल घातली की. एक थेंब पाणी आत जात नाही तिच्यातून."

"जात नाही ना? तसं बाहेरही येत नाही!" इथंच तो सायकलवाला थांबला असावा. "घामानं निथळणाऱ्या जनावराला त्या पिशवीत कोंडलंत आणि वाऱ्यात सोडून दिलंत?"

"आक्का, घोडा उघड्यावरच राहतो ना? सवय असते त्यांना थंडीची," जावई म्हणाले.

"थंडीची आहे, ओल्याची नाही. तुम्हाला रोजच्या अंघोळीची सवय आहे ना? मग उद्या अंग न पुसता रेनकोट चढवा आणि माळावर उभे राहून दाखवा तासभर!"

"आक्का, दमानं," मालक म्हणाले. "घरचे पाहुणे आहेत. चुकलं म्हण आणि मिटव."

आक्का मालकांकडे वळली. "मी चुकलं म्हणू? बरं. चुकलंच माझं. खोगिराच्या खोलीला कुलूप न लावता गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीला कुलूप होतं आणि दाराशी उलट्या बादलीवर आक्का बसली होती. जावई आले, घसा खाकरला, परत गेले. मालक आले, रागावले, परत गेले. मग मालकांची लेक आली. लहानपणी ती तात्याच्याच पाठीवर स्वारी शिकली होती. शेडमधून खोकल्याचा आवाज आला तशी ती दचकली. "आक्का, हा तात्या खोकतोय?"

आक्कानं सगळं सांगितलं. पोरगी तडक ऑफिसकडे वळली. आत गेली, नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली आणि त्याच्या हातात पेंढ्याचा बोळा दिला. जावईबापू तोंड वाकडं करून पाऊण तास तात्याला चोळत होते. "खालून वर नाही, केसांच्या दिशेनं," एवढंच आक्का अधूनमधून सांगत होती.

तात्या नऊ दिवस खोकला. जनावरांच्या डॉक्टरांचं औषध लागू पडलं, पण छातीत जी घरघर बसली ती गेली नाही. त्याला पुन्हा खोगीर घालायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उभी हयात ज्यानं पोरांना पडू दिलं नाही, तो एका दुपारच्या हौसेपायी कायमचा बसला. जावयांनी माफी मागितली नाही, आणि आक्का ते आयुष्यात विसरली नाही.

महिन्याभरानं फाटकाशी पाटी लागली. रपेटीनंतर घोडा चालवावा, पुसावा, पूर्ण सुकल्यावरच झूल घालावी. खाली सही जावईबापूंची. आक्कानं ती सुनेकडून दोनदा वाचून घेतली.

"बघ! अक्कल माझी, छाती तात्याची गेली, आणि सही कुणाची!"

"मग उपटून टाका की," सून म्हणाली.

"उपटते कशाला? माझं कुणी ऐकत नव्हतं. त्या सहीचं ऐकतात मेले," आक्का म्हणाली, आणि तणतणत चंदी भिजवायला निघून गेली.