तिसऱ्या मजल्यावरची माणसं

एर्सीलिया लाखेचं पॉलिश करायची आणि मी शेजारच्या बाकावर लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवायचे, तेव्हापासून मला तिचं हे वेड माहीत आहे. मिलानजवळच्या आमच्या कान्तू गावात घरटी एक सुतार. मेज करायचं, खोक्यात भरायचं, धाडून द्यायचं. पुढे त्याचं काय झालं याची चौकशी करायला वेळ कुणाला? एर्सीलिया मात्र खोक्यावरचा पत्ता वाचायची, आणि झालं! बाई त्या घरी जायला लागायची.

म्हणजे झोपेत. सकाळी सायकलवरून कामाला जाताना सांगायची, "काल तोरिनो शहरातल्या त्या घरी गेले होते गं. बाईंनी पडदे बदललेत. मला नाही आवडले."

"तुला विचारून बदलायचे होते का त्यांनी?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," ती शांतपणे म्हणायची. अशा बाईशी भांडणार तरी कसं? मला तर भांडल्याशिवाय अन्न पचत नाही.

१९५५ साली मिलानच्या एका आर्किटेक्टने काढलेलं कॉफीचं मेज आमच्या कारखान्यात बनलं. गुडघ्याएवढं, अक्रोडाच्या लाकडाचं. वरचा भाग नदीतल्या गोट्यासारखा कुठेच सरळ नाही, खाली तीन बारीक तिरके पाय. मालक म्हणाले, "हे मेज आहे की पळून निघालेलं कोकरू?" एर्सीलिया तेव्हा एकवीस वर्षांची. एकोणीस दिवस ती त्याच्यावर लाखेत बुडवलेली कापडाची पोटळी फिरवत होती. गोल गोल, वेढ्यात वेढा. हात मध्ये थांबवायचा नाही, थांबला की डाग पडतो. आणि काम संपल्यावर तिथे कुणाचा हात फिरलाय हे दिसता कामा नये. स्पिरिटच्या वासात ती अर्धी झोपेत असल्यासारखी डुलायची, हात मात्र जागा असायचा.

खोक्यावर लिहिलं होतं, 'त्रिएस्ते, तिसरा मजला.' नावावर पाणी सांडून ते फिसकटलं होतं. मग त्या घरच्या बाईचं नाव तिनेच ठेवलं, लीविया. नवरा त्रिएस्तेच्या बंदरावर कामाला. खिडकीतून समुद्र दिसतो. दोन मुली, मग बऱ्याच वर्षांनी एक मुलगा. बाकीच्या घरी ती क्वचित जायची, या घरी मात्र आठवड्यातून एकदा तरी. आणि गंमत म्हणजे मुली दरवर्षी एकेका वर्षानेच मोठ्या व्हायच्या. एकदा मला म्हणाली, "लीवियाच्या नवऱ्याने ओला पेला ठेवला गं मेजावर. पांढरं वर्तुळ उमटलं."

"मग? बोललीस का त्याला?"

"छे! घर म्हटलं की चालायचंच."

तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. आईच्या आजारपणात वय निघून गेलं, मग कुणी विचारलं नाही. कारखाना बंद झाला, तरी आम्ही दोघी एकाच अंगणात समोरासमोर राहत होतो, आणि सकाळची कॉफी घेता घेता त्रिएस्तेची बातमी मला रोज कळत होती. मी नाक मुरडायचे, पण कान तिकडेच असायचे. खोटं का बोलू?

२००३ च्या वसंतात रेदाएल्ली नावाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी तिचं घर शोधत आला. गळ्यात रेशमी रुमाल. दोन हमालांनी तेच मेज आणून तिच्या स्वयंपाकघरात ठेवलं, बरोबर खोक्याची फळीही. पत्ता तसाच, नाव तसंच फिसकटलेलं. एर्सीलिया उठून उभी राहिली.

"सिन्योरा, चमत्कार आहे चमत्कार!" तो हात चोळत म्हणाला. "हे एका मुलीच्या लग्नासाठी घेतलेलं. लग्नच मोडलं! खोकं गोदामात पडून राहिलं, खिळासुद्धा कुणी काढला नाही. अठ्ठेचाळीस वर्षं याला माणसाचा हात लागलेला नाही!"

तिने मेजावरून तळहात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी हळू.

"म्हणजे तिसऱ्या मजल्यावर गेलंच नाही?"

"कुठलं जातंय! म्हणून तर एवढी किंमत आहे त्याला."

त्या रुमालानेच त्याचा गळा आवळावा असं मला वाटलं. एका कोपऱ्यावर दमटपणाने पांढुरकी झाक आली होती, ती मूळच्या हातानेच काढून हवी होती त्याला. किती दिवस लागतील, त्याने विचारलं. त्या दिवशी बुधवार होता.

"रविवारी या," एर्सीलिया म्हणाली.

काम एका तासाचं होतं. जन्मात पहिल्यांदा ही बाई खोटं बोलताना मी ऐकली.

तो गेल्यावर ती मेजासमोर बसली. मग म्हणाली, "नोर्मा, मग ती माणसं कुठे गेली?"

मला रडू यायला लागलं की आधी राग येतो. "कुठे जाणार? मसणात!" म्हटलं, आणि हातातला गरम कप बशीशिवाय दण्णकन त्या मेजावर ठेवला.

तिने तो उचलला. खाली पांढरंशुभ्र वर्तुळ. आता ही मला घराबाहेर काढणार, असं मी धरून चालले.

तिने कप पुन्हा ठेवला. थोडा बाजूला.

मग काय! गुरुवारी गाऊदेन्झियो आला. हा आमच्या अंगणातला, आयुष्यभर बस चालवलेला. पत्ते खेळायला बसला आणि सत्ती अशी आपटली की मी ओरडले, "हळू रे मेल्या, मेज आहे ते, बसचं दार नव्हे!"

"चाळीस वर्षं आपटलंय, आता काय सवय जाणार?" तो म्हणाला, आणि वाइनचा पेला खुशाल लाकडावर ठेवला.

शुक्रवारी माझी मुलगी तिल्दे तिच्या बाळाला घेऊन आली. दात येत होते त्याला. मेज नेमकं त्याच्या उंचीचं. ते धरून पहिल्यांदाच आधाराने उभं राहिलं आणि कड चोखत बसलं. आम्ही भाज्यांचं सूप तिथेच प्यायलो, पावाचा चुरा तिथेच सांडला. खिडकीतून ऊन येत होतं, बाळ लाकडावर थापट्या मारत होतं. एर्सीलिया त्याच्याकडे बघून सारखी हसत होती. त्या तीन दिवसांत त्रिएस्तेचं नाव मात्र तिने काढलं नाही. मला त्याचीच धास्ती.

शनिवारी दुपारी तिने पोटळी बांधली. गोल गोल, वेढ्यात वेढा. गाऊदेन्झियोचा पेला गेला, सुपाचे शिंतोडे गेले, बाळाचे हात गेले. शेवटी माझ्या कपाचं वर्तुळ राहिलं.

"राहू दे की एवढं एक!" मी तिचं मनगट धरलं.

"डाग राहू दिला तर मी पॉलिशवाली कसली?" तिने माझा हात हळूच बाजूला केला.

रविवारी रेदाएल्लीने मेज उजेडात धरून पाहिलं. "जसंच्या तसं! बघा, जणू माणसाचा स्पर्शच नाही!" मी तोंड उघडलं, तर एर्सीलियाने माझ्या पायावर असा पाय दिला की आवाजच फुटला नाही. गाडी गेली.

सोमवारी पाव घेऊन मी तिच्याकडे गेले. विचारायचा धीर होत नव्हता. एकोणसत्तराव्या वर्षी हिचं तेही घर बंद झालं असेल तर हिने जायचं कुठे? शेवटी विचारलंच. "झोप लागली का?"

"लागली की. गेले होते."

"कुठे? लीवियाकडे?"

"लीविया नव्हती तिथे." ती कॉफी ओतत होती. "गाऊदेन्झियो पत्ते पिसत होता. बाळ मेजाला धरून उभं होतं. आणि तू भांडत होतीस."

"कुणाशी?"

"सगळ्यांशीच."

"आणि घर कुणाचं होतं गं?"

"माझं," एर्सीलिया म्हणाली. "काप ना तो पाव, नुसती उभी काय राहिलीस?"