चुलीवर वाळवलेला झेंडा

मी ध्वजाचे नियम देशप्रेमापोटी पाठ केले, असं माझ्या सहकाऱ्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर मी ते रागापोटी पाठ केले. एका माणसाला एक ना एक दिवस त्या नियमांत पकडायचं होतं, आणि त्यासाठी कितीही थांबायची माझी तयारी होती.

पेणच्या खाडीलगतचं आमचं गाव. कोरड्या दिवसांत आई मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. पावसाळ्यात भाताची कामं आणि शाळेची झाडलोट. मिठागराचे मालक तेच शाळा समितीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना शेठ म्हणायचं. पंधरा ऑगस्टला झेंडा शेठच फडकवणार, यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं.

मी चौथीत होते तेव्हा आदल्याच दिवशी शाळेची कौलं सरकली आणि पाणी थेट कपाटात गेलं. झेंडा चिंब झाला. जाड खादी, त्यात बाहेर ऊन नावालाही नाही. ओला झेंडा गाठीत बांधला तर दोरी कितीही ओढा, उलगडत नाही. गुरुजी डोक्याला हात लावून बसले. मग त्यांना आई झाडताना दिसली.

"तुमच्याकडे चूल पेटलेली असेल ना? सकाळपर्यंत वाळवून आणाल का?"

आईने झेंडा पदराखाली घेतला. मी मागून हुकूम सोडत चालले होते, कारण त्याच आठवड्यात गुरुजींनी आम्हाला झेंड्याचं सगळं शिकवलं होतं. जमिनीला टेकवायचा नाही. केशरी कायम वर. केशरी म्हणजे त्याग, हिरवा म्हणजे समृद्धी, चक्राला चोवीस आरे. पांढरा कशाचा, असं गुरुजींनी विचारल्यावर मी "मिठाचा" म्हणून ओरडले होते आणि सगळा वर्ग हसला होता. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काय चुकली तू?"

पावसाळ्यात आमच्याकडचे सगळे कपडे चुलीवरच्या दांडीवरच वाळतात. त्याच दांडीच्या टोकाला सुक्या बोंबलांची पाटी टांगलेली असायची. आईने ती पाटी काढून मागच्या पडवीत नेऊन ठेवली. तिथे पावसाची झड आत येते, बोंबील भिजणार, हे तिला माहीत होतं. दांडी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. मग झेंडा पसरताना मला विचारलं, "ह्योच वर ना गो?" केशरी वर आहे याची मी खात्री केल्यावरच तिने हात सोडला. ठिणगी उडू नये म्हणून जाळ बारीक ठेवून ती बराच वेळ चुलीशी बसून होती. आपल्या घरात देशाचा झेंडा आहे याचा तिला अभिमान वाटत होता. तिने तसं बोलून दाखवलं नाही, पण शेजारणीला मुद्दाम हाक मारून आत बोलावलं. वर्षानुवर्षांचा धूर आणि सुकटीचा वास आमच्या वाशांतच मुरलेला होता, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही. रोज त्या घरात राहणाऱ्याच्या ते येणारही नाही.

सकाळी मैदानावर शेठनी झेंडा हातात घेतला, नाकाशी नेला आणि पाहुण्यांकडे बघत मोठ्याने म्हणाले, "गुरुजी, झेंडा आणलात का बोंबील?"

हशा पिकला. रांगेतली पोरं हसली, पाहुणे हसले, आमचे शेजारीही हसले. कुणी वाळवला म्हणून शेठनी विचारलं. गुरुजींनी आईकडे बोट दाखवलं. वाळवायला आपणच सांगितलं होतं, हे सांगायला त्यांची जीभ उचलली नाही.

"ए गो, यो देशाचा झेंडा हाय, तुझ्या घरचं फडकं नाय. चल, मैदानाच्या भायेर उभी ऱ्हा."

शेठच्या घरीही पावसाळ्यात सुकटच शिजायची. तो वास त्यांना नवा नव्हता.

आई चिखलातून चालत कुंपणाबाहेर गेली. मग शेठनी तोच झेंडा फडकवला, कारण गावात दुसरा होताच कुठे? झेंडा छान उलगडला. वाळलाच तसा होता. आईने कुंपणाबाहेरून सलामी दिली. मी रांगेत राष्ट्रगीत म्हणत होते आणि मनात त्या माणसाला शिव्या देत होते.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "जाऊ दे गो. मोठी मानसं बोलतातच." पण त्यानंतर तिने शाळेचं काम सोडलं. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ती कुंपणापर्यंतसुद्धा आली नाही. मी कधी विषय काढला की तेच, जाऊ दे. आईचं मन मोठं आहे आणि आपलं लहान आहे, असं मी धरून चालले. लहान तर लहान.

पुढे मला रोह्याला शिक्षिकेची नोकरी लागली. नदीपलीकडच्या अष्टमी गावात खोली घेतली आणि पूल ओलांडून शाळेत जाऊ लागले. रुजू झाल्याबरोबर झेंड्याचं काम मागून घेतलं. पंधरा ऑगस्टला बांधलेला झेंडा खालून वर चढवून मग उलगडतात, सव्वीस जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो आणि फक्त उलगडतात. आत फुलांच्या पाकळ्या घालून गाठ अशी मारायची की एका झटक्यात सुटावी. फाटलेला झेंडा चव्हाट्यावर टाकायचा नाही, एकांतात मानाने नष्ट करायचा. टेबलावर अंथरायचा नाही, गाडीवर कुणीही उठून लावायचा नाही. सुट्टीत पेणच्या बाजारात एकदा शेठची जीप दिसली, तर बॉनेटवर तिरंगा. मंत्र्यासंत्र्यांचा मान हा मिठागरवाला मिरवत होता. मला संताप आला, आणि बरंही वाटलं. हा माणूस सुधारलेला नाही, म्हणजे हातात सापडणार.

मुख्याध्यापिका झाल्यावर मी गावच्या शाळेत बदली मागून घेतली. रोह्याच्या शाळेतल्या बाई चक्रावल्या. स्टेशन, बाजार, सगळी सोय सोडून खाडीकाठी कशाला? आईसाठी, असं मी सांगितलं. आईसाठीच तर होतं.

पहिल्या पंधरा ऑगस्टला शेठ काठी टेकत आले. थकले होते, पण फडकवणार तेच. गाठ मीच बांधली. ती जरा आवळली असती तर साऱ्या गावासमोर म्हातारा दोरी ओढत राहिला असता. आदल्या संध्याकाळी मी तशी गाठ मारूनही पाहिली आणि परत सोडवली. मला सूड त्याच्यावर घ्यायचा होता, झेंड्यावर नाही. दोरी हातात देताना शेठनी मला निरखून पाहिलं.

"तू कोनाची गो?"

मी आईचं नाव सांगितलं. झेंडा वाळवला होता ती, असंही सांगितलं.

"कोन?" ते म्हणाले. "नाय ध्यानात येत."

विसरले होते! माझं सगळं तरुणपण ज्यात गेलं ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा लहानपणीही आला नव्हता.

त्याच हिवाळ्यात शेठ गेले. सकाळीच त्यांचा मुलगा शाळेत आला. माणूस सरळ, बापासारखा नाही. डोळे सुजलेले, पायात चप्पल नाही.

"बाई, शाळेचा झेंडा पायजे. बाबांच्या अंगावर घालायचा हाय. लय वर्षं त्यांनीच फडकावला. त्यांची इच्छा होती."

किती वर्षं वाट पाहिली होती, आणि आता ते समोर हात जोडून उभं होतं. मी शांतपणे सांगितलं की शासकीय इतमामात, नाहीतर लष्कराच्या, पोलिसांच्या अंत्यविधीतच तिरंगा अंगावर घालता येतो. इतरांसाठी तो ध्वजाचा अपमान ठरतो. कायदा आहे.

"गावात कोन बघतोय, बाई?"

"मी बघतेय."

तो हात जोडून उभाच राहिला. मला दया आली नाही. आली असती तर माणसासारखं दिसलं असतं, पण नाही आली. मी म्हटलं, "पेणहून विकत आणाल तर आणा. अंगावर घातलात तर पोलीस ठाण्यात मी स्वतः जाईन." तो गेल्यावर सरपंच येऊन गेले. मेलेल्या माणसाशी कसला हट्ट धरता, असं म्हणाले. मी त्यांनाही नियम ऐकवला. गावातल्या दुसऱ्या कुणासाठी मी तो वाकवला असता का? बहुधा हो. सरपंच परत जाईपर्यंत कपाटाची किल्ली माझ्या मुठीतच होती.

अंत्ययात्रेला मी मुद्दाम गेले. शेठ पांढऱ्या चादरीत होते, वर झेंडूचे हार, बस. मी नमस्कार केला आणि पुरुष स्मशानाकडे वळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पोट भरल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन मागच्या दारी आंघोळ केली आणि आईला सगळं सांगितलं. ती आता वाकली होती, कानानेही कमी ऐकायची. मला वाटलं, ती म्हणणार, जाऊ दे गो, कशाला केलंस? तिच्यासमोर आपली बाजू कशी मांडायची हेही मी वाटेत ठरवून ठेवलं होतं.

आईने पाट ओढला, माझ्या अगदी जवळ बसली आणि चांगला कान माझ्याकडे केला.

"पोरगा हात जोडून उभा व्हता?"

"हो."

"आनि चादर सादीच? नक्की बघितलीस तू?"

"नक्की बघितली."

तिने डोळे मिटले. तिच्या तोंडावर असं हसू मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिने माझा हात घट्ट धरला.

"पयल्यापासून सांग," ती म्हणाली. "सावकाश."