दोन टिंबं कमी

शाळा बंद पडल्यावर अंबुजम टीचर तिरुवनंतपुरमच्या एका लहान कंपनीत लागल्या. पाणीपुरवठ्याचे पंप चालवणारं सॉफ्टवेअर ती कंपनी बनवायची, आणि ते कसं वापरायचं याची वेबसाइटवरची पानं टीचर लिहायच्या. मजकूर साधाच, त्यात खुणा पेरायच्या. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे दिले की तो ठळक होई, ओळीखाली रेघ मारली की मथळा. पुढे पान बांधायचं काम यंत्राचं. डोंगरातल्या गावांतले पंपवाले टीचरांच्या ओळीवर बोट ठेवून बटणं दाबत.

त्या सकाळी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडली होती. चहा घेता घेता टीचरांनी आपलं पान फोनवर उघडलं आणि कप तसाच हातात राहिला. दुसऱ्या पायरीनंतर लाल चौकट हवी होती: ‘आधी क्लोरीनचा व्हॉल्व्ह हातानं बंद करा, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू होताना क्लोरीन सोडणारा पंप पूर्ण जोरात चालतो.’ चौकट नव्हतीच.

त्यांनी मूळ मजकूर काढला. इशारा शब्दन् शब्द होता. फक्त ‘इशारा’ या खुणेपुढे टिंबांची जोडी दोनदा द्यायची, ती त्यांच्या हातून एकदाच पडली होती. यंत्रानं ती लेखकाची खाजगी टीप समजून मुकाट गिळली होती.

“बिनोय!” त्या मालकाच्या खोलीत शिरल्या. “इशारा गायब आहे. कुन्नेलचे पंपवाले तंगच्चन आज हेच पान बघून नवी आवृत्ती चढवणार आहेत.”

“मग दुरुस्त करा ना, टीचर. दोन टिंबांचं काम.”

टिंबं पडली, पान सुधारलं. पण कुन्नेलच्या जलशुद्धीकरण केंद्रात कुणी फोन उचलेना. टीचर पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. शेवटी तंगच्चनांचा आवाज आला, पण मागे पंपाची घरघर इतकी, की त्यांना ओरडावं लागत होतं.

“टीचर, तुमचा पंप वेडा झालाय! सगळं पानाप्रमाणे केलं मी!”

“तंगच्चन चेट्टा, क्लोरीनचा पिवळा व्हॉल्व्ह बंद करा! पण आधी तोंडाला ओला पंचा बांधा, मगच आत जा!”

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. मग फक्त घरघर. कुणीतरी खोकलं. पुन्हा खोकला, जास्त लांबून. बिनोय दारात येऊन उभा होता. घरघर थांबली, तरी फोनवर कुणी येईना.

“चेट्टा? चेट्टा!”

“जिवंत आहे,” घशातून खरखर आली. “ओरडू नका. डोळे चुरचुरतायत नुसते.”

क्लोरीन जास्त झालेली टाकी रिकामी करावी लागली. कुन्नेलला संध्याकाळपर्यंत पाणी नव्हतं.

दुपारी तंगच्चनांचा पुन्हा फोन आला. आवाज बसलेला होता. “टीचर, इंजिनिअर सरांनी आत्ता पान उघडलं. म्हणाले, एवढ्या मोठ्या लाल चौकटीत लिहिलंय, तुला दिसलं नाही? मला कामावरून थांबवलंय. मी म्हटलं, सकाळी नव्हतं. ते म्हणाले, वेबसाइट काय तुझ्यासाठी बदलते?”

टीचर उठल्या. त्या काय करणार ते बिनोयनं ओळखलं.

“टीचर, आता पान बरोबर आहे. सकाळचं कोण बघायला जातंय? चूक झाली असं लिहिलंत तर सरकारी काम हातचं जाईल आपलं.”

“त्या माणसाची नोकरी जातेय, बिनोय.”

“आणि इथल्या बारा जणांच्या नोकऱ्या? तुमची पण?”

 टीचर जागेवर जाऊन बसल्या. या खेपेला त्यांनी इशाऱ्यापुढची टिंबं बोटानं मोजली. मग पानाच्या माथ्यावर ठळक ओळ टाकली: ‘आज सकाळी या पानावर खालचा इशारा दिसत नव्हता. चूक लिहिणाऱ्याची आहे, पान वाचून काम करणाऱ्याची नाही.’ खाली आपलं नाव घातलं आणि पान बांधायला सोडलं.

बिनोयनं ते वाचलं. तो ती ओळ काढू शकत होता. पानाचा पासवर्ड त्याच्याकडेही होता. पण पडदा बंद करून तो जेवायला निघून गेला.

दोन दिवसांनी तंगच्चन कामावर परतले. सरकारी काम मात्र त्या वर्षी दुसऱ्या कंपनीला मिळालं, आणि बिनोय टीचरांशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होता. ती ओळ त्यानं काढली नाही.